वेत

ज्या साली दुधापेक्षा बाटली महाग झाली
त्या साली मी बेचाळीस गाई विकल्या.
ट्रक टेकडी उतरून गेला.
गोठ्यात उरला वास,
आणि पहाटे चारला उठायची माझी खोड.

टायवी नदीच्या खोऱ्यात तेव्हा जो तो सांगत होता,
चपट्या नाकाचं कुत्रं विकतं.
लंडनमधल्या कुणा नटीच्या कडेवर होतं म्हणे एक,
राखी, निळसर झाक असलेलं.
त्या हिवाळ्यात अख्ख्या देशालाच
कडेवर घ्यायला काहीतरी हवं होतं.

मी गव्हाणी उखडल्या, प्लायवूडचे कप्पे ठोकले.
गाईंच्या जागी अठरा माद्या.
गाईंना नावं होती. यांना आकडे.

वरच्या शेतावर नेस्टा प्रॉसर राहते.
मेंढ्या राखणारी कुत्री वाढवते,
तीन-चार वर्षांतून एखादं वेत.
तिच्याकडे गेलो ते सल्ला विचारायला नव्हे, कबूल करतो,
तिच्याकडे रांग लावून थांबलेल्यांचे नंबर मागायला.

तिनं चहा ठेवला आणि वही उघडली.
"हा सहाव्या वर्षी आंधळा झाला.
त्याच्या आईला मग पुन्हा दाखवलं नाही.
गुणी होती. फार गुणी होती. तरी नाही.
हा परत आला. नवरा-बायकोचं मोडलं,
नऊ वर्षांचा होता.
बघ, चुलीपाशी तोच घोरतोय."

माझ्याही खिशात वही होती.
तीत तारखा आणि किमती.

"इद्वल," ती म्हणाली,
"अरुंद कमरेच्या कालवडीला
तुझ्या बापानं कधी थोराड वळू दाखवला होता?"
"नाही."
"मग?"
मी चहा संपवला. नंबर मिळाले नाहीत.

माझ्या माद्यांना विणं ठाऊकच नव्हतं.
त्या डॉक्टरच्या टेबलावर झोपायच्या,
जाग यायची तेव्हा पोट शिवलेलं
आणि शेजारी चार अनोळखी जीव.
गाई रात्री रवंथ करायच्या, त्या आवाजात झोप लागायची.
हा आवाज वेगळा.
अठरा घसे अंधारात हवा ओढताहेत,
ओली लाकडं करवतावीत तसे.
मी गोठ्याला दुहेरी दार बसवलं.

गिऱ्हाइकं पेट्रोल पंपामागच्या पार्किंगमध्ये भेटायची.
निळं आहे का? याहून चपटं?
आई दाखवा, असं मोजून दोघांनी विचारलं.
त्या दोघांना मी पिल्लू विकलं नाही.

स्विंडनहून एका बाईचा फोन आला होता,
जुलैत, पत्र टाकायला गेली तर वाटेतच कोसळलं.
तिच्यामागे एक पोर रडत होतं.
मी म्हटलं, पावतीच्या मागे वाचा.

आणि मग एका वसंतात फोनच थांबले.
लोकांना आता कुरळ्या केसांचं हवं होतं.

जी खपली ती खपली. जी उरली ती
नेस्टानं, तिच्या बहिणीनं, गावातल्या कुणी कुणी नेली.
शेवटची न्यायला ती स्वतः आली.
"नाव?"
"अकरा."
ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दार उघडलं. अकरा उंबऱ्यापर्यंत आली
आणि थांबली.
पुढे गवत होतं.
एक पंजा उचलून तिनं तो तसाच धरला,
जसा आपण अनोळखी पाण्यावर पाय धरतो.
पाच वर्षं तिच्या पायांखाली सिमेंट होतं,
माझं, मीच ओतलेलं.

नेस्टानं हाक मारली नाही, दोरी ओढली नाही.
गुडघे धरत ती ओल्या गवतात बसली.
मेंढ्यांची वेळ टळून चालली होती. बसून राहिली.

मी खिशातली वही काढली.
किमतीच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
मग लिहिलं,
वय पाच. वेतं चार.
गवत माहीत नाही.